अक्काला शेवट सांगावा लागतो

या गल्लीत मी बावीस वर्षं बोलतोय. नळाला पाणी नव्हतं तेव्हा बोललो. रस्त्यावरचे दिवे गेले तेव्हा बोललो. शाळेची भिंत कलली तेव्हा तर तीन दिवस खुर्चीवर उभा राहून घसा फोडला. लोक माना हलवतात, 'बरोबर आहे भाऊ' म्हणतात आणि घरी जातात. पालथ्या घड्यावर पाणी. आणि कोपऱ्यावर इस्त्रीचं दुकान चालवणारी अक्का शर्टाची घडी घालता घालता एवढंच म्हणते, 'तो शिवणयंत्राचा बघा,' की दुसऱ्या दिवशी सहा जण ग्रंथालयाच्या डीव्हीडींच्या कपाटापाशी हजर. कशासाठी, तर चाळीस वर्षांपूर्वीचा, काळा-पांढरा, ना गाणं ना मारामारी असा सिनेमा शोधायला. त्यात दोन बहिणी आईचं शिवणयंत्र दुसऱ्या गावी नेऊन पोचवतात. बस, एवढंच. माझ्या पोटात दुखायचं. खोटं कशाला बोलू?

अक्का कुणाचीच सख्खी अक्का नाही, म्हणून सगळ्यांची आहे. आज जिथे टायरचं गोदाम आहे तिथे पूर्वी सिनेमाचं थिएटर होतं आणि ती तिथे दरवाजे उघडायची. खेळ संपायच्या दहा मिनिटं आधी अंधारात आत जायचं, कड्यांचा आवाज न करता बाहेरचे दरवाजे मोकळे करायचे आणि पडदा पांढरा होईपर्यंत थांबायचं. एकोणीस वर्षं हीच नोकरी. त्यामुळे प्रत्येक सिनेमा तिने आधी शेवटाकडून पाहिला. शेवट पटला तर सुट्टीच्या दिवशी तिकीट काढून सुरुवात बघायला जायची. नाही पटला तर तिच्या लेखी त्या सिनेमाला सुरुवातच नव्हती. चार दिवस चालून उतरलेले, कुणी नावही न घेतलेले कितीतरी सिनेमे तिने असे सांभाळून ठेवलेत.

थिएटर बंद पडल्यावर तिने इस्त्री हातात घेतली. गिऱ्हाइकाचा कपडा बघून ती माणूस ओळखते. कॉलर कुठे झिजलीय, कोणतं बटण सारखं तुटतं, गुडघा कुठे चकाकतोय. मग पावतीच्या मागे सिनेमाचं नाव लिहिते, खाली एक ओळ लिहिते आणि चिठ्ठी त्याच कपड्याच्या खिशात ठेवते. बसच्या ड्रायव्हरला: 'सगळा एकाच खोलीत घडतो, बरं वाटेल.' दातांच्या डॉक्टरला: 'यात नायक पूर्ण वेळ तोंड मिटून आहे.' पुढच्या खेपेला कपडे टाकायला आलात की तिला त्या सिनेमाचा शेवट सांगायचा. गोष्ट नाही, कोणी काम कसं केलं ते नाही. शेवट. तो सांगितल्याशिवाय नवी चिठ्ठी मिळत नाही.

मला अकरा वर्षांत चिठ्ठी नाही.

सुरुवातीला म्हणायचो, आपल्याला कुठे वेळ आहे सिनेमे बघायला. मग घरी आल्या आल्या खिसे चाचपायला लागलो. आमच्या इमारतीचा सेक्रेटरी, ज्याच्यावर मी चार तक्रारी केल्यात, ज्याने आयुष्यात एक सही वेळेवर केली नाही, त्याच्या खिशात चिठ्ठी. माझ्या खिशात माझीच पत्रकं, तीही इस्त्री होऊन.

माझी बायको दवाखान्यात नर्स आहे. तिला तर महिन्याला दोन चिठ्ठ्या. दुकानातून परतताना ती स्वतःशीच हसत यायची.

"काय झालं?" मी विचारायचो.

"काही नाही. अक्काशी बोलत होते."

"कशाबद्दल?"

"तू नाही पाहिलेलास तो."

नेहमीप्रमाणे शनिवारी संध्याकाळी पाच वाजता मी सभा ठेवली, या वेळी फूटपाथसाठी. साठ खुर्च्या मांडल्या. चार माणसं आली, त्यातला एक खुर्च्यांचा मालक. बाकी गल्ली कुठे होती? ग्रंथालयाच्या खोलीत, अक्काने सुचवलेला सिनेमा भिंतीवर बघत. अंगाचा तिळपापड झाला. सोमवारी तडक दुकानात गेलो. ड्रायव्हर विजार घ्यायला थांबला होता.

"अक्का, तुम्ही माझी सभा मोडलीत."

"मी इस्त्री करत होते, भाऊ," ती बाहीवर पाणी शिंपडत म्हणाली.

"माणसं तुमच्या सांगण्यावरून गेली."

"माणसांना पाय आहेत."

"म्हणून तर फूटपाथ मागतोय ना हा," ड्रायव्हर म्हणाला. मी त्याच्याकडे असं बघितलं की तो विजारीच्या घडीत नाक खुपसून उभा राहिला. पण खरी गोष्ट घशाशी आली होती.

"सगळ्या गल्लीला चिठ्ठ्या देता. त्या सेक्रेटरीलासुद्धा. मला का नाही?"

अक्काने इस्त्री उभी केली. "तुमचा एक शेवट बाकी आहे."

"कसला?"

"गेटवरच्या पहारेकऱ्याचा. अकरा वर्षं झाली."

मग आठवलं. कारखान्याचा संप, गेटवरचा म्हातारा पहारेकरी. पहिली आणि शेवटची चिठ्ठी. "सांगितला होता की. संप जिंकतात, गेट उघडतं."

"तो तुमचा शेवट होता. त्याचा नाही."

ड्रायव्हरने खोकल्याचं सोंग केलं. मी निमूट बाहेर पडलो. कारण मी तो सिनेमा अर्ध्यातून उठून आलो होतो. पुढाऱ्याचं भाषण सुरू झालं होतं, मला वाटलं, हे तर मी रोज करतो, पुढचं काय बघायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ग्रंथालयात गेलो. डीव्हीडीच्या डब्यात नेणाऱ्यांच्या सह्यांचं कार्ड होतं. टेलर, डॉक्टर, सेक्रेटरी. आणि बायकोची सही, तीन वेळा. तिन्ही तारखा शनिवारच्या. म्हणजे मी सभेत खुर्चीवर चढलेला असताना ही घरी बसून त्या पहारेकऱ्याला बघत होती. एका म्हाताऱ्या पहारेकऱ्यावर माणूस जळू शकतो, हे त्या दिवशी कळलं.

खोलीत बसलो, कानाला हेडफोन लावला. भाषण आलं. लांबलचक होतं. दोनदा उठावंसं वाटलं, खुर्चीचा दांडा धरून बसलो. संप जिंकतात, गेटही उघडतं. मनात म्हटलं, मग माझं काय चुकलं? पण सिनेमा पुढे चालूच राहतो. सगळे घोषणा देत आत जातात. गेटला नवं कुलूप आलेलं असतं. पहारेकरी जुनी किल्ली हातात घेऊन बाहेर उभा. त्याला सांगायचं कुणाच्याच लक्षात नाही, पुढाऱ्याच्याही नाही. तो चालत घरी जातो. बायको वाटाणे सोलत असते. तो किल्ली तिच्यासमोर ठेवतो. ती हात पुसते, किल्ली उचलते आणि घराची किल्ली असते त्याच खिळ्यावर अडकवते. संपला.

मी तिथेच बसून राहिलो. ग्रंथपाल म्हणाली, "भाऊ, पुन्हा लावायचाय का?"

"नको," म्हटलं. हेडफोन काढून ठेवला.

तिथून सरळ दुकानात. अक्काला शेवट सांगितला. भाषण न करता.

"खिळ्यावर आधी काय होतं?" तिने विचारलं.

"घराची किल्ली. एकच."

तिने मान हलवली, पाठमोरी होऊन माझ्या शर्टांची घडी नीट केली आणि ते पुढे केले. रस्त्यात खिसा चाचपला नाही. घरी येऊन दार लावलं, मग बघितलं. चिठ्ठी होती. नाव, आणि खाली एक ओळ: 'यात कुणी कुणाला समजावत नाही.'

बायको ड्यूटीवरून आली तशी मी चिठ्ठी सहज पडल्यासारखी टेबलावर ठेवली. तिने वाचली.

"अरे, हा. हा मला सहा वर्षांपूर्वीच दिला होता तिने."

पुन्हा पोटात दुखलं. सहा वर्षं. पण या वेळी गिळलं. "पहारेकऱ्याचा बघितला मी," म्हटलं. "शेवटपर्यंत."

ती चप्पल काढता काढता थांबली. "किल्लीपर्यंत?"

"किल्लीपर्यंत."

ती चप्पल काढून आत आली. माझ्या समोरची खुर्ची ओढून बसली.

"मग या नव्याचा शेवट काय आहे?" मी विचारलं.

"मी नाही सांगणार."

"मग शनिवारी माझ्याबरोबर बघ."

"शनिवारी तुझी सभा असते."

"रविवारी ठेवतो," मी म्हणालो. "नाहीतरी चारच येतात."

"तीन," ती म्हणाली. "खुर्चीवाला धरायचा नाही."