गाणारी रेझा

यासेनिक गावात तिला सगळे ‘गाणारी रेझा’ म्हणत. विहिरीवर निघाली की गाणं, कोंबड्यांना दाणे टाकायला गेली की गाणं, बागेतून घराकडे वळली की पुन्हा गाणं. गळा काही गोड नव्हता.

“आली गावाची घंटा!” शेजारचा पावो कुंपणावरून ओरडायचा. “अगं, चर्चमधली तरी रविवारीच वाजते.”

“तुझी बायको तुझ्याकडे बघून गात नाही, त्याला मी काय करू?” रेझा म्हणायची आणि पुढे जायची. गाणं मात्र थांबवायची नाही.

तिचा नवरा टुन्या एके काळी गावाचा सुरीवाला होता. स्लावोनियात नोव्हेंबरचं पहिलं दहिवर गोठलं की घरोघरी डुकरं कापतात, आणि त्या दिवसांत टुन्याशिवाय कुणाचं पान हलत नसे. त्याच्या हाताखाली जनावर दुसऱ्यांदा ओरडत नाही, असा लौकिक होता. मग एक्क्याण्णव साल आलं, युद्ध घेऊन. टुन्या तीन महिने शत्रूच्या वेढ्यात होता, नंतर त्यांच्या कैद्यांच्या छावणीत. परत आला तेव्हा अंगावर एक ओरखडासुद्धा नव्हता. गाव म्हणालं, नशीबवान आहे.

परतल्यावरच्या पहिल्या नोव्हेंबरात पावोच्या अंगणात त्याने सुरी उचलली, डुक्कर ओरडलं, आणि टुन्या दिसेनासा झाला. संध्याकाळी रेझाला तो मक्याच्या कोठारात सापडला. कणसांत गळ्यापर्यंत पुरून घेतलेला, दातांत स्वतःची टोपी. तिने त्याला घरी नेलं आणि अंगणात जमलेल्या माणसांना सांगितलं, “पाठ धरलीय त्याची. छावणीत गारठ्यावर झोपला ना.”

पाठीचं दुखणं मानाचं असतं. लोकांनी बदकाची चरबी आणून दिली, गरम विटांचा शेक सांगितला. पुढे दरवर्षी डुकरं कापायच्या दिवसांत टुन्याची ‘पाठ’ धरायची आणि तो कानांत कापूस घालून तळघरात बसायचा. अठरा वर्षं तिने ती पाठ सांभाळली, गावातल्या डॉक्टरांच्या वहीतसुद्धा तीच लिहवली.

मग टुन्याचं जंगलखात्यातलं कामही सुटलं. एका सकाळी टुन्या कालव्यात छातीभर पाण्यात उभा सापडला, तेव्हा मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे युद्धाने दिलेलं दुखणं आहे, अर्ज करा. मंजूर झालं तर उपचाराची कायमची सोय होती, पेन्शन होती. नाहीतर पुढच्या कालव्याची वाट बघायची.

अर्ज तपासणाऱ्या शहरातल्या मंडळापुढे जायचं म्हणून रेझाने त्याचा लग्नातला सदरा इस्त्री केला, बुटांना चरबी चोळली, दाढी स्वतः करून दिली. साहेबांपुढे गबाळं जाणं म्हणजे बायकोची अब्रू जाणं. साहेबांनी विचारलं, “कसं वाटतं?” टुन्या उभा राहून म्हणाला, “देवाची कृपा आहे. जे परत आले नाहीत त्यांना विचारा.”

निकाल आला: नीटनेटका, शांत, उत्तरं सुसंगत. तक्रार फक्त पाठीची. अर्ज नामंजूर.

अपिलाला पंधरा दिवस होते. माजी सैनिकांच्या संघटनेतली व्लात्का कागदपत्रं बघायची. तरुण, पण तिखट. “काकू, ज्यांनी त्यांना जवळून पाहिलंय त्यांच्याकडून लिहून आणा,” ती म्हणाली.

रेझा घरोघर फिरली. कुणी नाही म्हटलं नाही. सात कागद गोळा झाले. ते तिने धुतलेल्या रुमालात बांधून नेले, जशी ईस्टरची अंडी आशीर्वादासाठी चर्चमध्ये नेतात.

व्लात्काने एकेक वाचला. पावोने लिहिलं होतं, टुन्याएवढा गुणी माणूस तालुक्यात नाही. पाद्रीबाबांनी लिहिलं होतं, चर्चमध्ये स्वच्छ आवाजात गातो. एकाने लिहिलं होतं, अठरा वर्षांत कुणावर आवाज चढवला नाही.

“काकू, या कागदांवर त्यांचं दुसरं लग्न लागेल. अपील नाही लागायचं.”

“मग माणसाबद्दल वाईट लिहायचं? तेही तो संकटात असताना?”

“खरं लिहायचं. ते कुणाला माहीत आहे?”

रेझाने रुमालाची घडी घातली. घडीवर घडी घालत राहिली.

शुक्रवारी अपिलाच्या मंडळापुढे टुन्या तिच्या शेजारी बसला होता. तोच सदरा, पण या वेळी तिने इस्त्री केली नव्हती. ती त्याच्याकडे न बघता बोलली.

“पाठ खोटी आहे, ती मी सांगितलेली. घरातल्या सुऱ्या मी पिठाच्या पेटीत तळाशी ठेवते, पावसुद्धा आम्ही कापत नाही, हाताने तोडतो. तो परत आला त्या वर्षीची गोष्ट. बागेत तो आलुबुखार वेचत होता, मी बादली घेऊन मागून गेले. त्याने वळून माझा गळा धरला. डोळे उघडे होते, पण मी त्यात नव्हते. कुत्रं भुंकलं म्हणून सोडला. त्याला त्यातलं काही आठवलं नाही, मीही सांगितलं नाही. तेव्हापासून मी गात चालते. कुठून येतेय ते त्याला आधी कळावं म्हणून.”

अध्यक्षबाईंनी टुन्याकडे पाहिलं. तो स्वतःचे हात उलटेसुलटे करून बघत होता, दुसऱ्या कुणाचे असल्यासारखे.

परतीच्या बसमध्ये तो एकच वाक्य बोलला. “मला वाटायचं, तू सुखात आहेस.”

वेढा, छावणी, कालवा, एवढ्या सगळ्यातून त्याने हा एकच समज शाबूत राखला होता, आणि तोच आज रेझाने मंडळाच्या टेबलावर मोडून ठेवला होता.

निकाल मार्चमध्ये आला. मंजूर. पावो कुंपणापाशी आला, पण नेहमीची थट्टा त्याच्या तोंडी आली नाही. बातमी गावात आधीच पोचली होती. “रेझा,” तो टोपी काढून म्हणाला, “यंदा आम्ही डुक्कर माझ्या भावाकडे, दुसऱ्या गावात कापू.” मग टोपी हातांत फिरवत, “ती चरबी... आम्हाला काय माहीत गं.”

मंजुरीचा कागद कपाटात ठेवून रेझा बादली घेऊन विहिरीवर गेली. परतताना बागेच्या तोंडाशी सवयीने तोंड उघडलं, पण सूर निघेना. गायलं तर त्याला आता त्यातून तो धरलेला गळाच ऐकू येणार, आणि न गाता पुढे जायची हिंमत नव्हती. बादलीचा दांडा बोटांत रुतत होता, तरी ती उभीच राहिली.

“ये,” झाडांतून आवाज आला. “बघितलंय तुला.”

टुन्या आलुबुखाराच्या बुंध्याला पाठ लावून, वाटेकडे तोंड करून तिपाईवर बसला होता. दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. ती पुढे गेली. ती जवळून जाईपर्यंत त्याने ते बाहेर काढले नाहीत.

तिपाई अजून तिथेच आहे. तो दिवसभर वाटेकडे बघत बसतो, आणि यासेनिकमध्ये आता घंटा फक्त रविवारीच वाजते.