लिंबावरची जाळी आणि शेवंताबाई

मंडळी, आज सकाळी मला माझीच लाज वाटली, म्हणून लिहून राहिले.

आमच्या अंगणात लिंबाचं झाड आहे. बागेचं काम शेवंताबाई बघतात, मूळच्या रामटेककडच्या. पंधरा दिवसांपूर्वी घरी पाहुणे होते आणि त्यांच्यादेखत मी बाईंवर ओरडले, "झाडावर एवढी जाळी? दिसत नाही का तुम्हाला?"

त्या म्हणाल्या, "राहू द्या नं म्याडम, कोळी किडे खातेत. आमच्याकडं धानातबी कोणी त्याईले मारत नाही."

"काम टाळायचे बहाणे," असं म्हणून मी स्वतःच झाडू फिरवला.

आज बघते तर कोवळी पानं अळ्यांनी पार कुरतडलेली! मी पुन्हा बाईंनाच धरलं. "औषध काहून नाही मारलं?"

"औषध होतं नं म्याडम. तुमीच झाडून टाकलं."

मी सातवीला विज्ञान शिकवते. झाड कोळ्याला आसरा देतं आणि कोळी झाड राखतो, हे फळ्यावर चित्र काढून सांगते. घरच्या झाडावर तेच दिसलं, तर मला ती घाण वाटली.

मी माफी मागितली. पण ओरडले होते पाहुण्यांदेखत, आणि माफी मागितली स्वयंपाकघरात, हळू आवाजात. "जाऊ द्या," म्हणून त्या झाडांना पाणी घालायला गेल्या.

शेवंताबाई फेसबुकवर नाहीत, त्यामुळे इथे कबूल करणंही सोपंच आहे. रविवारी तेच पाहुणे पुन्हा जेवायला येताहेत. त्यांच्यासमोर बाईंची माफी मागायची हिंमत होईल का माझी? तुमची झाली असती?