बरं केलंत, आणलंत

रोकडे डॉक्टरांना त्यांच्या मिसेस, म्हणजे आमच्या वहिनी, कॅज्युअल्टीत घेऊन आल्या तेव्हा मी ड्यूटीवर होते. दुपारची वेळ, ओपीडी नुकतीच आवरली होती. शेजाऱ्यांच्या गाडीतून त्यांना उतरवून स्ट्रेचरवर घेतलं, मी हात हातात घेतला आणि मला कळलं. इतकी वर्षं हे काम करणाऱ्या बाईला कळतंच. तरी आम्ही सगळं केलं... छाती दाबली, इंजेक्शनं दिली, जे करायचं ते सगळं. पण त्याआधी, वहिनी दारात उभ्या होत्या, दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून, तेव्हा माझ्या तोंडून एक वाक्य निघून गेलं. "बरं केलंत, आणलंत." हे वाक्य माझं नाही. स्ट्रेचरवर पडलेल्या माणसानेच ते आम्हा सगळ्यांकडून घोटवून घेतलं होतं. नंतर पेपरात चार ओळी आल्या, आपत्कालीन उपचारांवर संशोधन केलेले शहापूरचे डॉक्टर गेले म्हणून. संशोधन म्हणजे नेमकं काय केलं, ते त्या चार ओळींत मावलं नव्हतं. म्हणून हे लिहायला बसले.

डॉक्टर मूळचे मुरबाड तालुक्यातले, सरळगावच्या पुढच्या एका वाडीतले. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतलेली, वडील शाळेत शिपाई, आई लोकांच्या शेतावर भाताच्या आवणीला, रोपं लावायला, जायची. मुलगा मुंबईत डॉक्टर झाला तेव्हा आता कल्याणला दवाखाना टाकेल, असं सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. तो सरकारी नोकरीचं सक्तीचं वर्ष भरायला शहापूरला आला आणि राहिला तो राहिलाच. का राहिलात असं विचारलं की म्हणायचे, "हायवेवर अपघात आहेत, जंगलात साप आहेत, विहिरीत पडणारे आहेत. मला लागतं ते सगळं इथं मिळतं." जणू बाजारहाटाचीच सोय सांगतायत. हात असा की बुडत्या नाडीतसुद्धा पहिल्या झटक्यात सुई लावणार. तोंड मात्र भयंकर. हात लोण्याचा आणि तोंड मिरचीचं, असं आम्ही सिस्टर लोक म्हणायचो, अर्थात ते लांब गेल्यावर. पेशंट दारात आला की नातेवाइकांना पहिला प्रश्न ठरलेला, "एवढा वेळ काय झोपला होतात?" साप चावलेल्या पायाला दोरी आवळलेली दिसली की मग बघायलाच नको. दोरीने पाय सडतो, हे त्यांचं म्हणणं बरोबरच होतं. गेटाजवळ त्यांनी लाल अक्षरांत बोर्डसुद्धा लावला होता, 'दोरी बांधू नका.'

मग एका आवणीत डोळखांबकडच्या एका पाड्यावरची बाई आली. बांधावर नाग चावला होता. जीप गेटापाशी थांबली तेव्हा ती बोलत होती, वॉचमनकडे पाणी मागत होती. आणि आत टेबलावर घेतली तोवर पापण्या मिटायला लागल्या, मान टाकली, श्वास थांबला. विषावरची लस चढवली, नळी घालून श्वास दिला, पण बाई गेली. डॉक्टरांना ते पटेचना. "गेटापर्यंत बोलते आणि दारात मरते? मग जीपमध्ये विष काय विश्रांती घेत होतं?" असे दारात गेलेले अजून दोघेतिघे त्यांना आठवत होते. तेव्हापासून त्यांनी ते धरूनच ठेवलं. पेशंट दारात का मरतो, एवढाच प्रश्न. पुढे त्याला मोठमोठी इंग्रजी नावं पडली, पण प्रश्न तेवढाच होता.

काही आठवड्यांनी ते त्या पाड्यावर गेले आणि मला बरोबर घेतलं, कारण घरातल्या बायका सिस्टरशी बोलतात. गेल्या गेल्या साहेबांनी सवयीने विचारलं, "उशीर का केलात?" बाईच्या नवऱ्याने मान खाली घातली ती वर केलीच नाही. त्याच्या आईने पाणी आणून दिलं. डॉक्टर पाणी प्यायले, बूट काढले आणि जमिनीवर बसले. मग अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, "बरं, सकाळपासून सांग. काय काय झालं?" आणि तो माणूस बोलायला लागला. बांधावरून तिला कसं उचललं, दोघांनी झोळीतून रस्त्यापर्यंत कसं आणलं, जीप कुणाची मिळाली, सगळं.

"दोरी बांधली होती का?" डॉक्टरांनी विचारलं.

"व्हती ना. घट बांदली व्हती. गेटाजवल सोडली."

"गेटाजवळ का?"

"तुमी वरडता ना, सायब." तो सरळपणे म्हणाला. "बोर्ड पन लावलाय. मागल्या टायमाला माज्या भावाला लय बोल्ले तुमी. म्हनून म्हनलं, आत जायच्या आदी सोडू."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दोरी मुळात बांधूच नये. पण बांधलीच असेल, तर डॉक्टर आणि औषध शेजारी तयार असल्याशिवाय ती सोडायची नाही, कारण अडलेलं विष एकदम अंगभर जातं. हे डॉक्टरांना माहीत होतंच, पुस्तकात होतं. लोक आमच्या भीतीने गेटावर दोरी सोडतात, हे पुस्तकात नव्हतं.

परतलो ते थेट हॉस्पिटलवर. गेटाशी आल्यावर त्यांनी बाजूचं घाणेरीचं रान काठीने बाजूला केलं. आत सुतळ्या, साडीचे काठ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे, पायजम्याची नाडी... काही ताजं, काही कुजून मातीला मिळालेलं. ते सगळं हातात घेऊन उभे राहिले आणि मला म्हणाले, "सिस्टर, हे सगळे मी मारले का हो?" मी म्हटलं, "सगळे नाही." दुसरं काय म्हणणार? त्यांना खोटं बोललेलं चालत नसे आणि मला जमत नसे.

पुढची कित्येक वर्षं त्यांच्या सुट्ट्या त्यातच गेल्या. शहापूर आणि मुरबाडमधल्या वाड्यापाड्यांवर, वाचलेल्यांच्या घरी आणि गेलेल्यांच्याही. वहिनी चिडवायच्या, "लोक रविवारी सासुरवाडीला जातात, हे मयताच्या घरी पाहुणचाराला." पण पद्धत ठरून गेली होती. दुःख जरा निवळू द्यायचं, मग जायचं. पाणी प्यायचं, खाली बसायचं. उशीर का केला हा प्रश्न तोंडातून काढायचा नाही. सकाळपासून सांगा, एवढंच. सापाचे पेशंट झाल्यावर हायवेचे अपघात आले, छातीत दुखण्याचे पेशंट आले, आणि जिथंतिथं आमच्या ओरड्याला भिऊन कुणी काहीतरी लपवलेलं सापडायचं. कुणी आधी भगताकडे गेल्याचं, कुणी दारू प्यायल्याचं.

हे सगळं त्यांनी लिहून काढलं तेव्हा शहरातल्या एका बड्या डॉक्टरांनी बरोबर नाव घालायची तयारी दाखवली. अट एकच, एक वाक्य बदलायचं. 'रुग्णालयातील कर्मचाऱ्यांच्या वागणुकीमुळे' याऐवजी 'ग्रामीण जनतेच्या अज्ञानामुळे' लिहा, लगेच छापून येईल. आमचे डॉक्टर म्हणाले, "अज्ञान माझं होतं, त्यांच्या नावावर कसं घालू?" झालं. लेख कितीतरी काळ फिरत राहिला, जाईल तिथून परत यायचा. बरोबरीचे लोक प्रोफेसर झाले. आम्हीसुद्धा म्हटलं, एका वाक्यासाठी एवढं काय ताणायचं? शेवटी एका लहानशा नियतकालिकात तो आला, वाक्यासकट. मग मात्र बाहेरून बोलावणी यायला लागली. त्या दिवशी त्यांनी सगळ्या स्टाफला वडापाव खिलवला आणि तेवढं एक वाक्य मराठीत वाचून दाखवलं.

तोवर गेटावरचा बोर्ड बदलून झाला होता. 'दोरी बांधली असेल तर असू द्या. तशीच आत आणा. कोणी ओरडणार नाही.' आणि आम्हाला नियम घालून दिला, आणणाऱ्याशी पहिलं वाक्य एकच बोलायचं, बरं केलंत, आणलंत. नव्या डॉक्टरांना त्याचं हसू यायचं. खरं सांगायचं तर सगळ्यात जड डॉक्टरांनाच गेलं. जित्याची खोड! कधीकधी राग गिळून वाक्य म्हणायचे, पेशंट सांभाळायचे आणि मग स्टोअरमध्ये जाऊन सलाइनच्या खोक्यांवर ओरडून यायचे. आम्ही बाहेर तोंडाला पदर लावून हसायचो. तो आवाज आता येत नाही. मला तो ऐकावासा वाटतो.

परवा वहिनींना भेटायला गेले. हल्ली त्या दिरांकडे, सरळगावपुढच्या वाडीतल्या घरी असतात. किन्हवलीवरून एसटीने गेले, दोन्ही अंगांना आवणी चालली होती. भिंतीवर बुद्धांची आणि बाबासाहेबांची तसबीर, खाली डॉक्टरांचा फोटो. वहिनींनी पाणी दिलं. मी प्यायले आणि खाली बसले. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आता विचारा."

"काय विचारू?"

"तुमची पद्धतच आहे ना, सिस्टर? मयताच्या घरी जायचं, पाणी प्यायचं, विचारायचं. सगळ्यांनी मला एकच विचारलं, डॉक्टर घरात असून उशीर कसा झाला? जाऊबाईंनी, माझ्याबरोबर शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी, त्यांच्याबरोबर शिकलेल्या डॉक्टरांनीसुद्धा. काय काय झालं, ते कुणीच नाय विचारलं."

मी त्या कामासाठी गेले नव्हते. पण म्हटलं, "सकाळपासून सांगा."

सकाळी छातीत दुखायला लागलं, तर म्हणाले अॅसिडिटी. जिऱ्याचं पाणी करून घेतलं. वहिनी म्हणाल्या, हॉस्पिटलला जाऊ. नको म्हणाले. घाम यायला लागला तेव्हा त्या पुन्हा म्हणाल्या, तर अंगावर ओरडले, "डॉक्टर मी आहे की तू?" मग त्या गप्प बसल्या. पुढे भात टाकला. तो शिजेपर्यंत ते खुर्चीतून खाली आले होते.

"ओरडतील म्हणून गप्प बसले हो," वहिनी म्हणाल्या. "तिकडे गेटाला बोर्ड लावला, घरात लावायचा राहिला."

मला डॉक्टरांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणीच आलं. जन्मभर ज्या गोष्टीच्या मागे उन्हातान्हात हिंडले, ती यांच्या स्वयंपाकघरात बसली होती.

"लवकर आणलं असतं तर वाचले असते?" वहिनींनी विचारलं. मला ते घाणेरीचं रान आठवलं.

"कदाचित," मी म्हटलं. "कदाचित वाचले असते."

त्यांनी मान हलवली. पदराने डोळे पुसले. मग म्हणाल्या, "मग दारात तुम्ही तसं का म्हणालात? नियम म्हणून?"

"तेव्हा नियम म्हणून म्हटलं," मी म्हणाले. "आता सगळं ऐकून म्हणते. बरं केलंत, आणलंत."