बर्फावरचा मुकादम

चहा येतोय तोवर मीच सांगून टाकतो. नाहीतर आमची पूनम सांगेल, आणि तिनं सुरुवात केली की मला तोंड लपवायला जागा उरत नाही. तर मंडळी, मी भर उन्हाळ्यात, भर दुपारी, अकोल्यात भूत पाहिलं. आत्ताच हसू नका, हसायला पुढे भरपूर आहे!

अकोल्याचा मे महिना माहीत आहे ना? रस्त्यावरचं डांबर चपलेला चिकटतं. अशा गावात आम्ही बर्फाची रिंक बांधायला निघालो होतो. म्हणजे बर्फाचं मैदान, पोरांना स्केटिंगसाठी. वेड लागलं होतं का? लागलंच होतं!

पूनम माझ्या धाकट्या भावाची मुलगी. चाकांच्या स्केट्सवर तिनं आणि मोहल्ल्यातल्या पोरांनी बरीच बक्षिसं मारली होती. पण पुढे जायचं तर बर्फावर सराव हवा, आणि त्यासाठी थेट उत्तरेकडे जावं लागतं. भावानं एकदा तिला कसंबसं पाठवलं. दुसऱ्यांदा त्याला झेपणारं नव्हतं.

मग मोहल्ल्यानं वर्गणी काढली. गावाबाहेर जिनिंगचं एक बंद पडलेलं शेड होतं, कधीकाळी तिथे कापसातून सरकी काढायचे. ते मालकानं वापरायला दिलं. बर्फाच्या कारखान्यातल्या जब्बारभाईंनी नळ्या अंथरल्या, भाड्याचं यंत्र लावलं, आणि अर्ध्या शेडमध्ये खरोखर बर्फ धरला! उरलेल्या अर्ध्यापर्यंत पोचण्याआधीच वर्गणी संपली.

आता सगळी भिस्त अमरावतीच्या आबासाहेबांवर. संत्र्याचे मोठे बागायतदार. हात सैल, जीभ कडक. ते स्वतः येऊन बघणार होते. पसंत पडलं तर रिंक पुरी होणार, नाही पडलं तर यंत्र परत जाणार आणि पूनमचे स्केट्स माळ्यावर.

एक सांगायचं राहिलं. त्या शेडबद्दल लोक काहीबाही बोलायचे. तिथला एक जुना मुकादम कामावर असतानाच गेला, आणि अजून पाळीवर येतो म्हणे. रखवालदारानं मला पहिल्याच दिवशी बाजूला घेतलं.

"भाऊ, दुपारच्यानं एकटे आत नोका जाऊ. मुकादम फिरते."

"कसा दिसते बे तुहा मुकादम?"

"पांढरं धोतर, पांढरी टोपी. पाय नाही हालत त्याचे. नुसता सरकत येते."

मी त्याला असा झापला की बस! पण त्या दिवसापासून शेडमध्ये शिरताना मी मोठ्यानं खोकत शिरायचो. उगाच कुणाला दचकवायला नको, एवढंच.

आबासाहेब येण्याचा दिवस उजाडला. आता माझा धंदा काय? लग्नाकार्यात कूलर भाड्यानं देणं. पाहुणा घामाघूम झाला तर चेक कसा फाडणार? मी गोदामातले सगळे मोठे कूलर आणून खुर्च्यांभोवती लावले, काठोकाठ पाणी भरलं, आणि गारवा बाहेर जाऊ नये म्हणून खिडक्या-दारं घट्ट बंद केली.

"काका, इथं बर्फ हाये न, मंग कूलर कायले?" पूनमनं विचारलं.

"तू तुह्यं खेळ पाय. कूलरमधलं तुले काय समजते?"

आबासाहेब आले. धोतर, सदरा, टोपी, सगळं परीटघडीचं. बसले, म्हणाले, "गार हाये बाप्पा!" मी फुशारलो. पोरं बर्फावर उतरली, यंत्राची घरघर चालू होती, सगळं कसं छान.

आणि मग जमिनीलगत काहीतरी पांढरं सरकायला लागलं.

मला वाटलं, छताच्या लोखंडी कैच्यांवर अडकलेली जुनी रुई कूलरच्या वाऱ्यानं खाली आली. पण ती वर वर चढत होती. पोरांचे पाय दिसेनासे झाले. मग कंबरा. नुसती धडं बर्फावरून इकडून तिकडे फिरत होती. मग तीही गेली. ट्यूबलाइट फिक्या पडल्या. माझा स्वतःचा हात मला दिसेना! कुठूनतरी स्केट्सचा आवाज तेवढा येत होता, खर्रर्र… खर्रर्र… कधी डावीकडून, कधी अगदी पाठीमागून.

"मुकादम आला रे!" कुणीतरी ओरडलं. झालं! खुर्च्या आपटल्या, बघायला जमलेले मोहल्ल्यातले लोक धडपडत दाराकडे पळाले. मी आबासाहेबांची खुर्ची चाचपली. रिकामी! अजून ऊब होती, माणूस नव्हता.

"आबासाहेब! ओ आबासाहेब!" मी हाका मारत दोन पावलं टाकली आणि दाणकन बर्फावर पडलो. उठायला गेलो, पुन्हा पडलो. दार कुठे, भिंत कुठे, काही कळेना. मी रांगत होतो. माणसांचे आवाज दूर दूर गेले, आणि आजूबाजूला उरली नुसती कूलरची आणि यंत्राची घरघर.

तेव्हा तो दिसला.

पांढरं धोतर. पांढरी टोपी. चेहऱ्याच्या जागी नुसतं धुकं. ताठ उभा, आणि पाय न हलवता, हळूहळू, सरळ माझ्याकडे सरकत येत होता. खोटं कशाला बोलू, माझ्या तोंडचं पाणी पळालं. आणि त्याच्याकडून बारीक आवाज आला, "काकाऽऽ…"

मेलेला माणूस मला काका म्हणतोय! मी तिथेच बर्फावर डोकं टेकलं.

"मुकादमजी, माफ करा! मी गरीब कूलरवाला! मले नोका नेऊ! न्याचंच असन तं आबासाहेबाले न्या, इथंच कुठीतरी हायेत! त्यायचं सगळं खाऊन-पिऊन झालं! फक्त तेवढा चेक लिहू द्या त्यायले, मंग खुशाल घेऊन जा!"

तेवढ्यात इतक्या कूलरच्या लोडनं फ्यूज उडाला. पंखे थांबले. पळालेल्यांनी दारं सताड उघडी टाकली होती, त्यातून बाहेरची कोरडी झळ आत शिरली आणि धुकं विरायला लागलं. बंद खोलीत कूलर लावू नका, नुसती ओल साठते, असं मी स्वतः प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावतो! तीच ओल बर्फावर धुकं होऊन बसली होती.

मी मान वर केली. समोर आबासाहेब! बर्फ बघायला म्हणून उठले होते आणि वहाणांसकट घसरत मधोमध गेले होते. मागून त्यांच्या दोन्ही दंडांना धरून, ढकलत, त्यांना काठाला आणत होती आमची पूनम.

"काका," ती रडवेली होऊन म्हणाली, "मी आवाज देऊन राहिली होती न तुमाले."

आता ही रिंक बुडाली, आणि मीच बुडवली, याबद्दल मला शंका उरली नाही. पोरीकडे बघायची हिंमत होईना. आबासाहेब खुर्चीवर बसले. धोतर झटकलं. खिशातून पेन काढलं.

"सारे पयाले," ते म्हणाले, "अन् हे पोट्टी मले धुंडत फिरून राहिली होती. रिंक पुरी होईन. पोरी, तू खेळ."

पूनम आता खरीच रडायला लागली. आबासाहेबांनी सावकाश सही केली, चेक फाडला आणि माझ्यापुढे धरला.

"घे. चेक झाला लिहून. बोलाव आता तुह्या मुकादमाले, मी तयार हावो."