फळ्याबाहेरची टिकली

दर चार वर्षांनी आमच्या मॅहोनिकला टीव्हीवाले येतात आणि दर चार वर्षांनी मला त्यांची शिसारी येते. पेनसिल्व्हेनियातल्या या डोंगरात कोळशाच्या खाणी संपल्या, शर्टांचा कारखाना गेला, पण आमचं मत कुठल्या बाजूला पडेल याचा अजून नेम नाही. तेवढ्यापुरते आम्ही सगळ्यांचे लाडके. ते उतरतात ते थेट मिसेस यूरिकच्या खानावळीत, जिथे मी अर्धी हयात कॉफी ओतण्यात घालवली. अंडी मागवतात, तळलेले बटाटे मागवतात, निम्मं ताटात टाकतात, आणि मग गिऱ्हाइकांच्या तोंडापुढे माइक धरून विचारतात, "नव्या अध्यक्षांनी सगळ्यात आधी काय करावं, असं तुम्हाला वाटतं?"

त्यांना सगळ्यात जास्त आवडायचा कॅझ डॉम्ब्रोस्की. पूर्ण नाव कॅझिमिर, पण शाळेत बाईंनी एकदाच ते उच्चारायचा प्रयत्न केला आणि सोडून दिला. मी त्याच वर्गात होते. भरघोस मिशा, खाणकामगार बापाकडून आलेले रुंद हात, डोक्यावर पालिकेची मळकी टोपी. टीव्हीवाल्यांना वाटायचं, अमेरिकेचा मतदार म्हणतात तो हाच. कॅझ पालिकेत कामाला. उन्हाळ्यात रस्त्यावरचे खड्डे बुजवायचा, हिवाळ्यात पुढे लोखंडी फाळ लावलेल्या ट्रकने बर्फ सारायचा. बायको लवकर गेली, लिओना नावाची एक मुलगी त्याने एकट्याने वाढवली. बोलणं कमी, शिव्या बऱ्यापैकी. मतदानाला मात्र टाय लावून जायचा. कुणाला मत दिलं हे मला त्याने कधी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्या माइकसमोर कॅझ दर वेळी एकच गोष्ट मागायचा. टेकडीवरचं हॉस्पिटल.

ते हॉस्पिटल आमच्या आजोबा-पणजोबांनी उभं केलेलं. खाणीतल्या माणसांच्या पगारातून दर महिन्याला त्याच्यासाठी कापून घेत. कॅझ तिथेच जन्मला, मीही. त्याचा बाप फुफ्फुसात कोळसा भरून तिथेच गेला. लिओना तिथेच झाली. मग कुठल्याशा मोठ्या कंपनीने ते विकत घेतलं, आणि सगळ्यात आधी बाळंतपणाचा वॉर्ड बंद केला. परवडत नाही म्हणाले. पुढे बाकीचंही बंद झालं. आता मूल व्हायचं असेल तर डोंगर ओलांडून पलीकडे जायचं, चांगल्या हवेत तासाच्या वर. हिवाळ्यात देव जाणे.

कॅझ हे सगळं टीव्हीवाल्यांना सांगायचा. ते माना हलवायचे. आणि रात्री बातम्यांत दिसायचं काय, तर कॅझ म्हणतोय, "अंडी फार महाग झालीत." हे तो कधीतरी बिल देताना मला म्हणालेला असायचा.

"कशाला बोलतोस मग त्यांच्याशी?" मी एकदा चिडून विचारलं.

"विचारतात ना, बर्नी. विचारलं की खरं सांगायचं."

मी कपाळावर हात मारून घेतला.

यंदाच्या निवडणुकीनंतर, हिवाळा सुरू होताना, लिओना पोट घेऊन खानावळीत यायची. तिचा नवरा रोरी गॅसच्या विहिरींवर लांब कुठेतरी कामाला. ती कांदा घातलेले पिएरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या पोलिश करंज्या, दोन-दोन प्लेट संपवायची आणि बापाला सुनवायची, "मुलगा झाला तर माझ्या आजोबांचं नाव, स्टॅनली. मग पुढची मुलगी. तिचं नाव आजीचं, वांडा. डॅड, माझं ठरलंय, मध्ये बोलायचं नाही."

"मी कुठे बोललो?" कॅझ म्हणायचा. पण वांडाचं नाव निघालं की त्याच्या मिशा हलायच्या. आईवर त्याचा फार जीव होता.

जानेवारीत शपथविधीच्या दिवशी टीव्हीवाले पुन्हा हजर झाले. भाषण सामान्य माणसांच्या सोबतीने बघायचं, अशी त्यांची कल्पना होती. सामान्य माणसं म्हणजे आम्ही. ब्रुक नावाची एक तरुण पोरगी सगळ्यांना हुकूम सोडत होती. बोलायला गोड, दातही सुंदर. तिने भिंतीला टेकवून एक पांढरा फळा उभा केला. त्यावर छापलेले रकाने होते: महागाई, सीमा, नोकऱ्या, कर, आरोग्य, गुन्हेगारी. प्रत्येकाला तिने एकेक लाल टिकली दिली. नव्या सरकारने आधी काय करावं, त्या रकान्यात चिकटवायची. मोठी माणसं शाळकरी पोरांसारखी रांगेत उभी राहिली. मिसेस यूरिकने तर त्यासाठी केस सेट करून घेतले होते. मीही महागाईवर टिकली लावली आणि कॉफी ओतायला गेले.

बाहेर बर्फ मन लावून पडत होतं. कॅझ ट्रक दारात लावून गरम कॉफीसाठी आत आला. ब्रुकने त्याला लगेच हेरलं.

"सर, तुमची टिकली!"

कॅझने फळा वरपासून खालपर्यंत वाचला. "इथे नाहीये माझं."

"काय नाहीये?"

"बाळंतपणाचा वॉर्ड."

"मग आरोग्यावर लावा ना. त्यात सगळंच येतं."

"सगळंच येतं म्हणजे काहीच येत नाही, बाई," कॅझ म्हणाला. तो खिडकीपाशी गेला. काचेतून टेकडीवरची ती बंद इमारत दिसते. तिच्यावर येईल अशी त्याने टिकली काचेवर चिकटवली आणि अंगठ्याने दाबली.

मला वाटलं, चला, आज तरी काहीतरी पोचलं. तेवढ्यात ब्रुकने टाळ्या वाजवल्या. "किती गोड! सर, पुन्हा एकदा कराल? कॅमेरा चालू नव्हता."

कॅझने कॉफी तशीच ठेवली. त्याच वेळी काउंटरवरचा फोन वाजला. डोंगरात मोबाइलचा भरवसा नसतो, त्यामुळे कॅझ हवा असला की सगळे खानावळीतच फोन करतात. लिओना होती. अंगावरून पाणी गेलं होतं, दिवस भरायला अजून अवकाश होता, आणि आमच्या भागातली एकुलती एक अ‍ॅम्ब्युलन्स डोंगराच्या भलत्याच अंगाला एका अपघातावर गेली होती.

कॅझ मला एवढंच म्हणाला, "बर्नी, तिची गाडी तू चालव. मी पुढे रस्ता काढतो."

मी अ‍ॅप्रन काढला नाही. लिओनाच्या घरी जाऊन तिला तिच्या गाडीच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि कॅझच्या ट्रकच्या मागच्या पिवळ्या दिव्यावर नजर ठेवून डोंगर चढायला लागले. तो फाळाने बर्फ बाजूला फेकत होता, आणि माझी गाडी पुढे जाते न जाते तोच रस्ता पुन्हा पांढरा होत होता. आरशात पाहिलं तर मागून टीव्हीवाल्यांची व्हॅन. येऊ का म्हणून कुणाला विचारलंसुद्धा नव्हतं. आमच्या कॅझने साफ केलेल्या रस्त्यावरून आरामात येत होते.

"मावशी, थांब," लिओना ओरडली. "थांब, येतंय ते!"

डोंगरमाथ्यावर गाड्या थांबवायला थोडी जागा आहे, तिथे मी हॉर्न दाबून धरला. कॅझ ट्रकमधून उतरून धावत आला. मी तीन पोरांची आई आहे, सुईण नाही. तरी काय करायचं ते केलं. पोरगा झाला, छोटा, निळसर, आणि मग रडला. मीही रडले. कॅझने अंगातलं नारिंगी जाकीट काढून त्याला गुंडाळलं. पण लिओनाचं रक्त थांबेना. मी अ‍ॅप्रन लावला, टॉवेल लावला, काही उपयोग होईना. ती पांढरी पडत चालली.

आणि तेवढ्यात गाडीच्या काचेवर झगझगीत उजेड पडला. कॅमेऱ्याचा दिवा. बाई मरायला टेकली होती आणि हे काचेला नाक लावून उभे.

"सर, बाळाला जरा वर धरता?" ब्रुकचा आवाज आला.

कॅझ बाहेर गेला. मला वाटलं, आता तो त्यांना हाणणार. मी मनातल्या मनात म्हटलं, हाण. पण त्याने कॅमेऱ्याकडे बघून स्पष्ट शब्दांत सांगितलं, "हे चांगलं नाही. ही लाजेची गोष्ट आहे. खाली आमचं हॉस्पिटल उभं आहे आणि माझी मुलगी रस्त्यावर रक्तबंबाळ पडलीय. हे दाखवा." मग ट्रकवर चढला आणि उतारावर फाळ असा खाली टाकला की ठिणग्या उडाल्या.

पलीकडच्या हॉस्पिटलात लिओनाला वाचवलं. त्यासाठी गर्भाशय काढावं लागलं. डॉक्टर चांगला होता, त्याने बाहेर येऊन सगळं नीट सांगितलं. कॅझ टोपी हातात धरून ऐकत राहिला. "म्हणजे पुढे..." असं म्हणून तो थांबला. डॉक्टरने नकारार्थी मान हलवली.

संध्याकाळी वेटिंग रूममधल्या टीव्हीवर आम्ही आम्हालाच बघितलं. आधी वॉशिंग्टनमधलं भाषण, मग लगेच बर्फ, डोंगर आणि नारिंगी जाकिटातलं बाळ. 'नव्या पर्वाची पहिली किलकारी', असं खाली लिहिलं होतं. मागे मऊ पियानो. कॅझचे ओठ हलताना दिसत होते, पण आवाज त्याचा नव्हता, ब्रुकचा होता. ती सांगत होती की राजकारणाने दुभंगलेल्या देशात एक आजोबा आशेसाठी रस्ता मोकळा करत होते. मी उठून बाथरूममध्ये गेले आणि थंड पाण्याने तोंड धुतलं.

परत गावी आलो तर गाव हुरळलेलं. याची चीड मला टीव्हीवाल्यांपेक्षा जास्त आली. लोकांनी डायपरचे गठ्ठे आणून टाकले, ते ठीक. पण मिसेस यूरिकने पाटीवर 'स्टॅनली स्पेशल' लिहिलं, दोन अंडी आणि एक पॅनकेक. महापौर म्हणाले, मॅहोनिकचं नाव देशभर झालं. वॉर्डाबद्दल एक शब्द कुणी काढला नाही. मी मिसेस यूरिकला विचारलं, "लाज वाटत नाही?" तर म्हणते, "अगं बर्नडीन, चांगलं काही घडलं की ते चांगलं म्हणायला शीक." पाटीवरचं ते नाव मी फडक्याने पुसून टाकलं. तिने मला काढलं नाही, कारण तिच्याकडे दुसरं कोणी नव्हतं.

नंतर आमच्या खासदाराच्या कार्यालयातून खोकं आलं. आत झेंडा. राजधानीतल्या संसदेच्या घुमटावर फडकवलेला, स्टॅनलीच्या जन्माच्या सन्मानार्थ, असं सोनेरी अक्षरांत प्रमाणपत्र, खाली छापील सही. लिओना घरात पडून होती. तिने ते वाचलं, भिंतीकडे तोंड केलं आणि म्हणाली, "डॅड, हे माझ्या खोलीतून न्या."

कॅझ तरुणपणी सैन्यात होता. झेंडा फेकणं त्याच्या हातून होणार नव्हतं. मी म्हटलं, "परत पाठव त्यांना." त्याने खोकं काखेत मारलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खुर्च्या खाली काढत होते. खिडकीतली ती लाल टिकली अजून तिथेच होती, मी कुणाला काढू दिली नव्हती. तिच्यामागे टेकडीवर काहीतरी हललं. बंद हॉस्पिटलच्या अंगणातल्या उघड्या खांबावर कॅझने झेंडा चढवला होता. पार टोकापर्यंत नेला, जरा थांबला, आणि मग हळूहळू अर्ध्यावर आणून बांधला. रोज सकाळी कामाआधी तो वर जायचा, संध्याकाळी उतरवून घडी घालायचा. अर्ध्यावर झेंडा दिसला की माणसं थबकतात. गावात विचारणा सुरू झाली. सैन्यातला कोणी पडला का? अध्यक्षांचा हुकूम आलाय का? ज्यांना कधी टेकडीकडे मान वर करून बघायचं सुचलं नव्हतं, ते आता बघत होते. कॅझ कुणाला उत्तर देत नव्हता.

मग एक दिवस खानावळीतला फोन वाजला. खासदाराच्या कार्यालयातली एक मुलगी होती. कॅझ काउंटरवर सूप पीत होता. मी फोन त्याच्याकडे सरकवला आणि ऐकू यावं म्हणून तिथेच उभी राहिले.

"सर, आम्हाला कळलं की आम्ही पाठवलेला झेंडा अर्ध्यावर आहे. कोणी गेलं का?"

"हो," कॅझ म्हणाला. "वांडा."

"अरेरे, फार वाईट वाटलं. कोण तुमच्या?"

"नात. स्टॅनलीची धाकटी बहीण."

तिकडे कागद सळसळला. मुलीचा आवाज मऊ झाला, शिकवलेला असतो तसा. "सर, खासदारसाहेब स्वतःच्या सहीने सांत्वनाचं पत्र पाठवतील. फक्त एक माहिती लागेल. वय किती होतं तिचं?"

कॅझने फोन माझ्या हातात दिला आणि टोपी घालून बाहेर पडला.