बस्तरचं पान

नवा रायपूरच्या बसमध्ये एक बाई रोज माझ्या शेजारी बसायच्या. विधानसभेच्या ग्रंथालयात त्यांच्याकडे कात्रणांचं काम होतं. एखाद्या आमदाराला सभागृहात धानावर किंवा पाण्यावर बोलायचं असलं, की त्या विषयाच्या बातम्या आधीच कापून, चिकटवून, वर विषय लिहून तयार लागत. म्हणून बसमध्येच त्या लाल पेन्सिलीने पेपरवर खुणा करत जायच्या. बस्तरचं पान मात्र घडी करून मांडीखाली दाबून ठेवायच्या. तेलीबांध्याचं तळं मागे पडलं, की क्षणभर डोळे मिटायच्या आणि मगच ते पान उघडायच्या.

एकदा मी विचारलं, "काकू, हे पान काहून शेवटी?"

"पोट्टा तिकडे जंगलात ड्युटीवर हाये," त्या हळूच म्हणाल्या. "फोन लागत नाई. एखाद्या दिवशी घरचीच बातमी मले कापा लागन. अन् वरती विषय लिहा लागन."

मागच्या सोमवारी त्या आल्या नाहीत. माझ्या हातातल्या पेपरात, बस्तरच्या पानावर, रात्री चकमकीत जखमी झालेल्या जवानांची नावं होती. का कोण जाणे, मीही ते पान घडी करून मांडीखाली ठेवलं. तळं मागे गेल्यावर उघडलं आणि एकेक नाव वाचत गेलो.

काकूंचं आडनाव मी कधी विचारलंच नव्हतं. त्यामुळे प्रत्येक नाव मला त्यांच्या पोट्ट्याचंच वाटत होतं.