पराते वकिलांच्या येरझाऱ्या

म्हातारं माणूस बोलू लागलं की पराते वकील खुर्चीत बसत नसत. धरमपेठेतल्या त्यांच्या ऑफिसात लगेच येरझाऱ्या सुरू. खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत. कूलर घरघरायचा आणि यांच्या चपला त्याच्यावर ताण करायच्या. मी त्यांची ज्युनिअर, माझा जीव नुसता कावून जाई.

म्हाताऱ्या आईबापांनाही मुलांकडून पोटगी मागता येईल, असा कायदा तेव्हा नवाच आला होता. पुढं वृद्धांचीच प्रकरणं चालवायची, हे मी पक्कं केलेलं. कलमं तोंडपाठ होती. "सर, आता तरी एक केस द्या," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "पुस्तकात पास आहेस वं. माह्याजवळ नाही."

एकदा महाल भागातली एक कोष्टीण आजी आली. "मले पोटगी…" एवढं बोलून अडली. "पाहिजे," मी वाक्य पुरं केलं आणि लिहूही लागले. पराते फिरतच राहिले. बऱ्याच वेळानं आजी म्हणाली, "…नको. पोरानं घरात घ्यावं मले."

ती गेल्यावर ते माझ्यावर कडाडले. "काहून घाई करून राहिली? म्हाताऱ्याचं वाक्य आपण पुरं नाही करायचं! मले का धीर आहे? पायाले कामी लावतो, म्हणून जीभ गप राहते."

काही वर्षांनी त्यांनाच अर्धांगवायू झाला. मृत्युपत्र करायचं म्हणून मुलानं मला घरी बोलावलं. "बाबांचं म्हणणं, घर माझ्या नावे करायचं," तो दारातच म्हणाला. मी त्याला बाहेर थांबवलं, त्याच्या आईला, म्हणजे आमच्या काकूंनाही. दार लावून घेतलं.

"सर, घर कोणाला द्यायचं?"

"घर… पोराले…"

पुढं जीभ हलेना. गोधडीबाहेर पायाचा अंगठा तेवढा चुळबुळत होता. पुढचा शब्द माझ्या अगदी ओठांवर आलेला. बाहेरून मुलगा खाकरत होता. मला बसवेना. उठले आणि पलंगापासून दारापर्यंत फिरू लागले. कोर्ट दणाणून सोडणारा माणूस एका शब्दासाठी झगडत होता. मला रडू येत होतं.

"…मंग," ते शेवटी म्हणाले. "आधी… तुह्या काकूले."

मी थांबले. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि अर्ध्याच तोंडानं हसले.

"पास…" म्हणाले, आणि पुन्हा अडले.

मी परत चालू लागले.